हिरवा शिक्का

लोह्याच्या बसवंतआप्पांना कॉम्प्युटरचं वावडं नव्हतं. त्यांचं म्हणणं एवढंच, की देवाचं नाव घातल्याशिवाय कुठलीच वही उघडायची नाही, मग ती कागदाची असो नाहीतर काचेची. तीस वर्षं खतं, बियाणं आणि फवारणीची औषधं विकली. दर दिवाळीला नव्या चोपडीच्या पहिल्या ओळीत 'श्री गुरुबसवलिंगाय नमः' लिहिलं. आणि आता पोटच्या पोरीनं दुकानात कॉम्प्युटर आणून ठेवला, तर त्यातल्या यादीत सगळ्यात वर काय, तर पिकावरची मावा कीड मारायच्या औषधाचं नाव!

"हे न्हाई चालायचं," आप्पा म्हणाले. "आधी देव, मंग इख."

"आप्पा, ही यादी मशीन वाचतं. देव नाही वाचत."

"देव काय वाचतो अन् काय न्हाई, तुला काय ठावं गं?"

अक्षरा हसली. लातूरला कॉम्प्युटर शिकलेली, नांदेडात वजिराबादेच्या एका खोलीत स्वतःचं ऑफिस थाटलेली पोर. पण आप्पांशी वाद घालून जिंकली, असं आजवर एकदाही झालं नव्हतं. शिवाय यादीत जागाही होती. कॉम्प्युटरवाले मोजायला सुरुवात करतात शून्यापासून, एकापासून नाही. ती शून्य क्रमांकाची ओळ तिनं मुद्दाम रिकामी सोडली होती. रिकामीच आहे ना, मग बसू दे देवाला तिथं, असं म्हणून तिनं नमस्कार लिहून टाकला. पण प्रोग्राम काही अर्धवट ओळ घेईना. घटकाचा कोड मागू लागला, रंग मागू लागला. देवाला कुठला आलाय घटक! तिनं कोड घातला शून्य, रंग घातला हिरवा, आणि शेऱ्यात लिहिलं, 'विषारी घटक नाही'. आप्पांनी स्क्रीनला कुंकू लावलं, नारळ फोडला, आणि पहिलं बिल काढलं.

आता ती यादी कशासाठी होती, तेही सांगायला हवं. बाजारात औषधांची नावं हजारो. वाघ काय, वीज काय, तुफान काय! डबा बघितला तर वाटावं, कुस्तीच्या फडाची जाहिरात आहे. पण आत असणारे मूळ घटक मोजकेच, तेच ते, आणि प्रत्येक घटकाला एक ठरलेला कोड. अक्षरानं एक फंक्शन लिहिलं होतं. दुकानदारानं डब्यावरचं नाव टाकायचं. फंक्शन यादीत शोधणार, ओळीचा नंबर आणणार, आणि त्या ओळीतला घटक, कोड आणि विषाचा रंग बिलावर छापणार. लाल म्हणजे जहाल, त्याच्याखाली पिवळा, मग निळा, आणि सगळ्यात सौम्य तो हिरवा.

बिल छापणारं मशीन काळंच छापायचं. ज्याला वाचता येत नाही त्यानं काय करावं? यावर तोडगा आप्पांनीच काढला. चार रंगांची शाई आणली, रबरी शिक्का करून घेतला. स्क्रीनवर जो रंग येईल त्या रंगाचा गोल शिक्का बिलावर ठप्पकन मारायचा. अक्षराला याचा कोण अभिमान! पुढं तिचा प्रोग्राम आप्पांचं धरून सतरा दुकानांनी घेतला, तेव्हा सतराही दुकानांत शाईच्या चार डब्या गेल्या. पहिली ओळही तशीच गेली. फक्त देगलूर नाक्यावरच्या एका दुकानदारानं तिथं ७८६ घालून घेतलं. अक्षरानं तेही हसतहसत करून दिलं.

श्रावण लागायच्या सुमाराची गोष्ट. सोमवारी सकाळी अक्षरा ऑफिसचं कुलूप काढत होती तेवढ्यात आप्पांचा फोन.

"आक्का, आपला पंढरी हाय नं, फवारणीवाला? त्याला नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात आणलंय म्हनं काल. दम लागून राहिलाय. औषध आपल्याच दुकानातलं व्हतं. जरा जाऊन ये, बिल दाव डॉक्टरला. आपलं बिल चोख हाय, हिरवं हाय."

पंढरीला ती ओळखायची. पाठीवर पंप बांधून दुसऱ्यांची शेतं फवारायची, हा त्याचा धंदा. धंदाच म्हणायचा, कारण त्याला त्याची ऐट होती. कुठल्या पिकाला किती टोपणं औषध घालायचं हे त्याला तोंडपाठ, आणि हंगामात चार-चार गावांतून त्याला बोलावणं यायचं. दुकानात आला की आप्पांसमोरच्या पोत्यावर बसून चहा प्यायल्याशिवाय उठायचा नाही.

अक्षरा गेली तेव्हा तो खाटेवर उशीला टेकून बसला होता. नाकात प्राणवायूची नळी, डोळे टक्क उघडे, चेहरा ओळखीचा, पण ओठ सोललेले आणि जिभेवर फोड. श्वास असा घेत होता, जसा माणूस जिना चढून आल्यावर घेतो. फक्त हा कुठला जिना चढला नव्हता. पायाशी त्याची बायको सरजाबाई बसली होती. पदराच्या टोकाला घट्ट गाठ, आणि गाठीत बिल.

"आप्पाची आक्का नं तू?" पंढरी म्हणाला. "बस की. तुमचा शिक्का लई झ्याक. म्या तर समद्यांला सांगतो, बिल घ्यावं तर बसवंतआप्पाकडचं."

एवढं बोलायला त्याला तीनदा थांबावं लागलं.

काय झालं ते सरजाबाईनं सांगितलं. आठ दिवसांपूर्वी पंढरीनं कापसातल्या तणाचं औषध नेलं होतं. पंपाचं झाकण गळत होतं, दिवसभर पाठ भिजली. दुसऱ्या दिवशी पाठीची आग आग. गावातल्या डॉक्टर उमाशंकरांकडे गेला. त्यांनी विचारलं, काय फवारलंस? यानं बिल दाखवलं. शिक्का हिरवा, खाली छापलेलं, 'विषारी घटक नाही'. उमाशंकर म्हणाले, उन्हानं नाहीतर पट्ट्यानं सोललंय. मलम दिलं, एक सुई टोचली आणि घरी धाडलं.

"अन् मंग?"

"मंग काय," सरजाबाई म्हणाली. "पुढं तीन दिस त्योच पंप पाठीवर, त्योच सदरा. फवारायचं राहिलं व्हतं लोकांचं."

वॉर्डातली डॉक्टर तरुण होती, दोन दिवस झोपली नसावी. अक्षरानं सरजाबाईकडचं बिल दाखवत तिला सांगितलं, "मॅडम, याच्यात विषारी काही नाही. हा कोड आमच्याच प्रोग्राममधला आहे. खात्रीचा आहे."

डॉक्टरनं बिल पाहिलं, मग अक्षराकडं पाहिलं.

"किडन्या बसल्यात त्याच्या. फुफ्फुसं आक्रसत चाललीत. पाठीवरची कातडी हाताला येते. आणि तुम्ही म्हणता, विषारी काही नाही? मला बाटली पाहिजे."

बाटली सरजाबाईच्या पिशवीत होती. अर्ध्या लिटरची, सरबताची, कागद नसलेली. आप्पांनी मोठ्या कॅनमधून सुट्टं ओतून दिलं होतं. असं विकायचं नसतं हे आप्पांना ठाऊक होतं आणि अक्षरालाही. पण गिऱ्हाईक म्हणतं, मला एवढंसंच पाहिजे, आणि दुकानदार ओततो.

बिल सरजाबाईला परत देऊन अक्षरा वऱ्हांड्यात आली. बाकावर बसली, लॅपटॉप उघडला. बिलावरचं औषधाचं नाव फंक्शनमध्ये टाकलं. उत्तर आलं: कोड शून्य, हिरवा, विषारी घटक नाही.

बरोबर तर आहे, तिला वाटलं. पण हे नाव तिला आठवेना. यादी तिनं स्वतःच्या हातानं भरली होती, एकेक नाव तपासून. हे नाव तिनं कधी भरलं? तिनं यादी वरपासून खालपर्यंत चाळली. नाव कुठंच नव्हतं. मग फंक्शनला ते सापडलं कुठं?

तिनं टाकलं, 'गूळ'. कोड शून्य, हिरवा. तिनं टाकलं, 'अक्षरा'. हिरवा. मग बोटं थांबली, आणि थांबून तिनं टाकलं, 'पंढरी'.

कोड शून्य. हिरवा. विषारी घटक नाही.

अगं आई गं! आता सगळं लख्ख दिसलं तिला. नाव सापडलं नाही, तर फंक्शननं शून्य आणावं, असं तिनंच लिहिलं होतं. तेव्हा शून्याची ओळ रिकामी होती. रिकामी ओळ आली की बिल अडायचं, दुकानदाराला कळायचं की हे नाव यादीत नाही. ती रिकामी ओळ हेच तिचं कुंपण होतं. आणि त्या कुंपणाच्या जागी तिनं स्वतः, हसतहसत, देवाचं नाव लिहून ठेवलं होतं. त्या दिवसापासून तिच्या प्रोग्रामला जे जे म्हणून माहीत नव्हतं, ते ते सगळं निर्धोक ठरत होतं.

तिनं आप्पांना फोन लावला. म्हणाली, "आप्पा, तो मोठा कॅन आहे का दुकानात? त्याच्यावरचं बारीक अक्षर वाचा. घटक काय लिहिलाय?"

आप्पा चष्मा शोधायला गेले. परत आले, एकेक अक्षर लावत वाचू लागले. पॅ… रा… क्वाट. बिलोलीकडून नवा माल आला होता या हंगामात, नवीन नावाचा.

"रंग काय आहे त्याच्यावरच्या विषाच्या त्रिकोणाचा?"

आप्पांना कॅन वळवून बघावंही लागलं नाही.

"पिवळा हाय," आप्पा म्हणाले.

"तुम्ही आता बघितलात?"

"न्हाई." आप्पांचा आवाज एकदम म्हातारा झाला. "त्या दिशीबी बगितला व्हता. वततानाच दिसला. पर तुझ्या मशीननं हिरवा म्हणलं. म्या म्हणलं, पोरगी एवढी शिकल्याली, तिला जास्त कळतं का मला? अन् मारला शिक्का."

अक्षराला रडू आलं ते तिथं. पंढरीकडं बघून नव्हतं आलं.

तिनं घटकाचं नाव कागदावर लिहून डॉक्टरला नेऊन दिलं. डॉक्टरनं वाचलं, आणि खाटेशी जाऊन प्राणवायूची तोटी कमी केली. अक्षरा पुढं झाली.

"कमी का करताय? त्याला तर श्वास पुरत नाही."

"ह्या विषात प्राणवायूनं फुफ्फुस आणखी जळतं. अगदीच लागेल तेव्हा लागेल तेवढा द्यायचा." डॉक्टर वऱ्हांड्यात आली, हळू बोलली. "याला उतारा नाही. तोंडावाटे गेलं असतं तर एव्हाना संपला असता. कातडीतून थोडं थोडं गेलंय, चार दिवस. पहिल्याच दिवशी कोणी त्याला साबणानं आंघोळ घातली असती, कपडे फेकून दिले असते आणि पंप परत पाठीवर चढू दिला नसता, तर कदाचित जगला असता."

"आता?"

डॉक्टरनं मान हलवली आणि दुसऱ्या खाटेकडं गेली.

अक्षरा बाकावर बसली आणि तिनं फंक्शन नीट केलं. नाव सापडलं नाही, तर शून्य नाही आणायचं. 'माहीत नाही' म्हणायचं आणि बिल अडवायचं. दोन मिनिटं लागली. दोन मिनिटांचं काम होतं ते! मग तिनं सतरा दुकानांची या हंगामातली बिलं चाळून घेतली, शून्य कोडाची. तीनशे सोळा निघाली. प्रत्येकावर नाव, गाव, फोन नंबर, आणि गिऱ्हाइकाच्या घरी गेलेल्या कागदावर कुठल्यातरी दुकानदारानं विश्वासानं मारलेला हिरवा गोल.

तिनं पुन्हा आप्पांना फोन केला आणि सगळं सांगितलं.

"तू नीट केलंस नं आता? झालं मंग," आप्पा घाईघाईनं म्हणाले. "कुणाला बोलू नगंस. सुट्टं विकलं हे बाहीर पडलं तर लायसन जाईल. तुपलंबी नाव जाईल. सतरा दुकानं हायत तुझी."

"आप्पा, तीनशे सोळा जण आहेत. त्यांच्या घरात ती औषधं आज आहेत. आपल्या दुकानातले त्रेचाळीस आहेत. ती यादी धाडते. त्यांना फोन तुम्ही लावा."

"अन् काय सांगू? बसवंतनं इख हिरवं करून इकलं, आसं सांगू?"

"हो. तसंच सांगा."

आप्पांनी फोन ठेवून दिला. तिनं यादी तरीही पाठवली.

वळून बघते तो सरजाबाई उभी. कधीची उभी होती कोण जाणे. तिनं पदराची गाठ सोडली, बिल उलगडलं आणि त्या हिरव्या गोलावर बोट ठेवलं.

"ताई, मला वाचाया येत न्हाई. पर रंग कळतो. त्यो म्हणत व्हता, सरजे, लई आग व्हतीया, आज नगं जाऊ का? मीच म्हणलं, हिरवं हाय, काय व्हत न्हाई, जा. तीन दिस रोज म्याच म्हणलं. म्याच पंप उचलून दिला पाठीवर." ती थांबली. "म्या मारलं का गं त्याला?"

आता इथं अक्षराला गप्प बसता आलं असतं. औषधच वाईट होतं म्हणता आलं असतं, नशीब म्हणता आलं असतं. आप्पांचं दुकान, तिचं ऑफिस, सगळं त्या एका गप्प बसण्यात सुखरूप राहिलं असतं.

"नाही," ती म्हणाली. "मी. ते औषध माझ्या यादीत नव्हतं. मशीनला ते ठाऊकच नव्हतं. आणि ठाऊक नसलं की हिरवं म्हणायचं, हे त्याला माझ्याच हातनं शिकवलं गेलं. कागदावर पिवळा शिक्का यायला पाहिजे होता."

सरजाबाईनं बिल बाकावर ठेवलं. हात उगारला असता तर बरं झालं असतं, असं अक्षराला वाटलं.

"ठावं नव्हतं," सरजाबाई म्हणाली, "तर ठावं न्हाई म्हणायचं नं. एवढ्याला काय जात व्हतं?"

अक्षरानं खाली मान घातली आणि यादीतला पहिला नंबर लावला.

"नमस्कार. तुमच्या औषधाच्या बिलावर हिरवा शिक्का आहे ना? तो चुकीचा आहे. चूक माझी आहे. ते औषध वापरू नका. हातापायाला लागलं असेल तर आत्ता साबणानं धुवा." कुणी घाबरले. कुणी म्हणाले, सरलं की ते कव्हाच, काय बी झालं नाही. एकानं आईवरून शिवी दिली, ती तिनं निमूट ऐकून घेतली. दुपार कलली तेव्हा आप्पांच्या त्रेचाळिसांतला, लोह्याजवळचा एक जण बिलावरचा नंबर बघून तिलाच उलटा फोन करून विचारू लागला, आत्ताच बसवंतआप्पाचा फोन आलता, रडत व्हते, खरं हाय का? खरं आहे, ती म्हणाली.

सरजाबाई मध्ये मध्ये आत जाऊन यायची. आली की बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसून ऐकायची. साठेक फोन झाल्यावर ती पहिल्यांदा बोलली.

"बाप्याला सांगून काय उपेग न्हाई. तेन्ला वाटतं, आपल्याला काय व्हतंय. बायकूला दे म्हण फोन."

तेव्हापासून अक्षरा नंबर लावायची, काय ते सांगायची, आणि घरात बाईमाणूस असलं की फोन सरजाबाईच्या हातात द्यायची. सरजाबाई दोनच वाक्यं बोलायची. "बाई, ते हिरवं न्हाई. त्याला रानात जाऊ दिऊ नगं." आपण कोण, कुठून बोलतोय, हे तिनं एकालाही सांगितलं नाही.

चारच्या सुमाराला एक फोन लागला तो वाऱ्याच्या आवाजात.

"कोन बोलून राहिलंय? मोठ्यानं बोला. म्या फवारून राहिलो."

त्याचं ओरडणं बाकाच्या दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू आलं. सरजाबाईनं अक्षराच्या हातातून फोन ओढूनच घेतला.

"पंप उतरीव," ती ओरडली. अख्खा वऱ्हांडा वळून बघू लागला. "आरं बाबा, आधी पंप उतरीव पाठीवरनं!"

"आवं पर तुमी कोन? चार ओळी ऱ्हायल्यात निस्त्या…"

"मरू दे त्या ओळी! उतरीव म्हणते नं!"

तेवढ्यात आतून नर्स धावत आली. "पंढरीचं कोण आहे? लवकर या आत, लवकर."

अक्षरा उठली. सरजाबाई उठली नाही. तिनं नर्सला हातानंच थांब म्हटलं. फोन कानाला घट्ट लावून, डोळे मिटून ती ऐकत राहिली. नर्सनं पुन्हा हाक मारली. सरजाबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात तसाच वर होता.

फोनमधून पट्ट्याचा आवाज आला, आणि मग पंप ढेकळांत टेकल्याचा.

"उतरीवला बगा," माणूस म्हणाला.

"आता सदरा काढ. अन् हिरीवर जाऊन समदं आंग धू. साबण लाव," सरजाबाई म्हणाली. तिनं फोन अक्षराच्या हातात दिला, पदरानं तोंड पुसलं आणि नर्सच्या मागं आत गेली. तिचं बिल बाकावरच राहिलं होतं.